सदुतात्यांचे चौकोनी सेल

आमच्या शेजारचे सदुतात्या सेल चाटतात.

आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर तुम्ही कधी आमच्या हिर्डोशीकडच्या वाडीत आलात आणि ओट्यावर बसलेला, टोपी-सदरा घातलेला, सत्तरीला टेकलेला जाणता माणूस डोळे मिटून जिभेला सेल लावतोय असं बघितलंत, तर घाबराल. घाबरू नका. तात्या सेलाची परीक्षा घेतायत.

सेल म्हणजे घड्याळात घालतो तो पेन्सिल सेल नव्हे बरं का. हा नऊ व्होल्टचा, चौकोनी, काड्यापेटीएवढा पण जाडसर. डोक्यावर दोन बटणं, एक गोल आणि एक फुलासारखं. दोन्ही बटणं एकदम जिभेला टेकवली की ताजा सेल असा चावतो, डोळ्यांत पाणी येतं. अर्धा झालेला नुसता आंबट लागतो. तात्यांनी ह्याच्या चार पायऱ्या केल्यात. ठेचा, लिंबू, ताक आणि पाणी. ठेचा म्हणजे नवा कोरा. पाणी म्हणजे संपला. वाडीत कुणी विचारलं, "काय तात्या, बरं हाय का?" तर तात्या स्वतःच्या तब्येतीचं सांगत नाहीत. "सकाळी लिंबू व्हता, सांजच्याला ताकावर येतोय बगा," म्हणतात. आणि विचारणारासुद्धा आता सवयीनं मान हलवतो, "मंग भोरला जावं लागंल तुमाला."

पहिल्यांदा तात्या सेल घेऊन माझ्याकडं आले तेव्हा मी भाकरी थापत होते.

"वैनी, जरा जीभ लावून सांगता का? म्या तंबाखू खाल्लीया, मला काय कळंना."

मी म्हटलं, "अहो तात्या, ह्या वयात हे काय नवीन शिकवताय मला?"

पण माणूस असा काळजीनं उभा होता, की मी हात धुतले, सेल पदराला पुसला आणि लावली जीभ. टुणकन उडाले. "ठेचा!" मी ओरडले. तात्यांचा चेहरा असा खुलला, जणू त्यांचा दहावीचा निकाल लागला. तेव्हापासून तात्यांच्या जिभेबद्दल शंका आली की माझ्या जिभेकडं अपील. आमचे हे म्हणतात, "लोकांच्या बायका शेजारी वाटीभर साखर मागायला जातात. आमची सेल चाटायला जाते."

हसा तुम्ही, पण त्या सेलावर एक माणूस टांगलेला आहे.

तात्यांचे थोरले भाऊ, दादा. ऐंशीच्या घरात. दादांची बायको जाऊन वर्षं झाली, पोरबाळ नाही. तात्यांनी लग्नच केलं नाही. असे दोघं भाऊ त्या घरात. दादा अंगानं खणखणीत आहेत, रोज दाढी करतात, धोतराची घडी मोडू देत नाहीत, पण चार वर्षांपासून त्यांच्या आठवणींना गळती लागलीय. जुनं सगळं शाबूत आहे, नवं काही राहत नाही. आणि ज्या भावाबरोबर राहतात तो भाऊच त्यांना ओळखू येत नाही. तात्या नोकरीत वायरमन होते, हातात अजून पक्कड असतेच. म्हणून दादा त्यांना वायरमन म्हणतात. तेही किती अदबीनं!

"या वायरमन, बसा. च्या घ्या. आमच्याकडं लायटीचं काम लई निघतं बगा. तुमाला रोज यावं लागतं."

"यावंच लागतं," तात्या म्हणतात आणि स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा चहा घेतात. चहा अर्थात तात्यांनीच केलेला असतो.

गेल्या शिमग्यात दादा दुपारचे उठले आणि चालायला लागले. कुणाला पत्ता नाही. सगळी वाडी शोधत फिरली. शेवटी खाली धरणाच्या पाण्यात सापडले, मांडीएवढ्या पाण्यात उभे, हातात चपला. "शेतावर जातोय," म्हणाले, "वढ्याला आज पानी जास्त हाय." ते खोटं नव्हतं हो. त्यांचं शेत तिकडंच होतं. धरण झालं तेव्हापासून ते पाण्याखाली आहे. आणखी दहा पावलं गेले असते तर मी आज हे लिहायला बसले नसते.

तेव्हा कुणीतरी तात्यांना सांगितलं, दाराला बाहेरून कडी घालत जा. तात्या त्या माणसाला म्हणाले, "दादाला कोंडू? म्या?" त्या दिवशी तात्या जेवले नाहीत.

मग त्यांनी साबणाची डबी घेतली. तिच्यात बझर बसवला, वायरी जोडल्या, डबी अंगणाच्या कवाडीच्या खांबाला ठोकली आणि कवाडीला चुंबक लावलं. कवाडी उघडली, चुंबक लांब गेलं, की डबीतून असा आवाज येतो की झाडावरचे कावळे उठतात. हे सगळं चालतं त्या चौकोनी सेलावर. लाईटवर का नाही, म्हणाल. तर आमच्याकडं लाईट जावयासारखी येते. कधी येईल सांगत नाही, आली तर फार थांबत नाही.

झालं, त्या दिवसापासून तात्यांची झोप त्या डबीत गेली. सेल संपला आणि कळलंच नाही तर? एवढा एकच प्रश्न. बझर न वाजता दादा गेले तर खाली पाणी आहे. हा प्रश्न उरावर घेऊन तात्या जेवतात, आंघोळ करतात, पेपर वाचतात. दुधवाला आला, कवाडी अर्धवट लोटून आत शिरला, की तात्या कुठंही असोत, ओरडतात, "कवाडी लावा! सेल खातीया!" पाहुणे आले, "कवाडी लावा!" एकदा मत मागायला पुढारी आले, हात जोडून कवाडीतच उभे राहिले आणि डबी केकाटत असताना विकासाचं बोलायला लागले. तात्या म्हणाले, "मत देतो, पण आधी एक तर आत या न्हाईतर भाईर जावा."

आणि गंमत बघा. बझर चालू आहे का, हे बघायला तात्या स्वतःच दिवसातून पंधरा वेळा कवाडी उघडायचे. मी एकदा न राहवून म्हटलं, "तात्या, निम्मा सेल तर तुम्हीच खाता तपासून तपासून."

तात्या थबकले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. रागानं नव्हे, विचारात होते. तिसऱ्या दिवशी आले आणि म्हणाले, "वैनी, तुमी म्हनता ते खरं हाय. पर तपासला न्हाई तर काळजी मला खाती. सेल तरी भोरात मिळतो." 

सेलांची त्यांनी नोकरी लावलीय. नवा ठेचा सेल कवाडीला. तिथं तो लिंबावर आला की त्याची बदली देवळात, भजनी मंडळाच्या बिनवायरच्या माईकमध्ये. तिथून पाण्याच्या टाकीवर. टाकी भरली की तिथली वेगळी डबी गाणं म्हणते, तिला फार जोर लागत नाही. टाकीवर ताक झाला की तात्यांच्या वायरी तपासायच्या मीटरमध्ये, ती त्याची पेन्शन. देवळातल्या बदलीवरून मात्र वाद झाला. एकादशीला बुवांनी डोळे मिटून "विठ्ठला" म्हणायला तोंड उघडलं. "विठ्" माईकमधून आलं आणि "ठला" बुवांच्या तोंडात राहिलं. बुवा चिडले.

"तात्या, देवाच्या दारात उष्टा सेल?"

"बुवा, देवाला माईक लागतो व्हय? त्याला ऐकू येतं. आमचा दादा गेला तर तो मला कोन आनून देनार?"

 आता बुवा बिनमाईकचंच म्हणतात, आणि खरं सांगू, जास्त चांगलं म्हणतात.

सेल आणायला तात्या भोरला जातात. एक-दोनदा मीही बाजाराला त्यांच्याबरोबर गेले, म्हणून त्यांची खरेदी मी डोळ्यांनी बघितलीय. लग्नाची मुलगीसुद्धा कुणी इतकी पारखून बघत नसेल. दुकानाच्या दारात माळेनं टांगलेले सेल तात्या बघतही नाहीत. "उनात टांगलेला सेल म्हंजी उनात बसलेला म्हातारा. आतनं सुकलेला असतो." शेठजींना आतल्या खणातला काढायला लावतात. तारीख वाचतात, चष्मा पुसून परत वाचतात. तारीख खरवडलेली असली की नमस्कार करून खाली ठेवतात. मग तळहातावर घेऊन वजन बघतात. मग जीभ.

शेठजी पहिल्यांदा ओरडलेच होते. "अहो तात्या, उष्टा सेल मी गिऱ्हाइकाला कसा विकू?"

"मलाच इका की."

"आणि तुम्ही नापास केला तर?"

तात्यांनी थोडा विचार केला. "मंग पुसून ठिवा."

शेठजींनी बिचाऱ्यांनी मीटर पुढं केला. काटा नवावर गेला. "बघा, नऊ! आता तरी पटलं?" तात्यांना पटलं नाही. त्यांनी खिशातून स्वतःचा बझर काढला, दोन वायरी सेलाला टेकवल्या आणि भर दुकानात घड्याळ लावून पुरतं एक मिनिट वाजवला. गिऱ्हाइकं कानावर हात ठेवून उभी. "शेठ, रिकामा बसलेला मानूस तगडाच दिसतो. मीटर त्याला बसल्या जागी बगतो. डोक्यावर वझं द्या, मंग कळतंय." हे वाक्य मी नंतर माहेरी दोन-तीन माणसांना ऐकवलंय.

स्वस्त बघावा तर किती स्वस्त, ह्याचाही तात्यांनी अभ्यास केलाय. सगळ्यात स्वस्तातला सेल हातात पिसासारखा लागतो, पाकिटावर नाव एक आणि सेलावर भलतंच, आणि आठवड्यात ताक. सगळ्यात महागाचा टिकतो बक्कळ, पण पेन्शनवर जगणाऱ्यानं महिन्याच्या महिन्याला घ्यावा असा नाही. पुण्याच्या भाच्यानं चार्जिंगचा आणून दिला. तो तात्यांना मुळीच आवडला नाही. एक तर चार्ज करायला लाईट पाहिजे. आणि तो जाताना सांगत नाही. "सकाळी ठेचा, दुपारी पानी. मदी लिंबू न्हाई, ताक न्हाई. असल्या मानसाचा काय भरवसा?" म्हणून तात्या मधल्या दराचा घेतात, तोही एका वेळी तीनच. जास्त घेतले तर घरात पडून उतरतात. आता मीही हे सगळं विचारणाऱ्याला सांगते, पण मला जे कळलं होतं ते किती अपुरं होतं, ते त्या भादव्यात समजलं.

झालं काय, की मागच्या खेपेला शेठजींकडं मधल्या दराचा माल नव्हता. तात्यांनी नाइलाजानं स्वस्तातले आणले आणि ते आठवड्यात बसले. डब्यातला राखीव सेलही कवाडीला लागला. तात्या सकाळच्या गाडीनं भोरला निघाले. जाताना माझ्या ओट्याशी आले.

"वैनी, दुपारच्या गाडीनं येतो. कवाडीत लिंबू हाय, दीस निघंल. दादाची भाकरी..."

"मी देते. तुम्ही जावा बिनघोर."

बिनघोर कसले. फाट्याच्या वळणापर्यंत चार वेळा मागं वळून बघत गेले.

दहा-अकराच्या सुमाराला शेळ्या आल्या आणि तात्यांच्या कवाडीला अंग घासत उभ्या राहिल्या. कवाडी फाकली. मी मागं परसात होते. पळत येऊन शेळ्या हाकलून कवाडी लावेपर्यंत डबी बराच वेळ वाजली होती, आणि आवाज पार डासासारखा बारीक झाला होता.  सेल काढून जीभ लावली. ताकसुद्धा नाही, ताकाची निवळ.

आता काय करावं? तात्यांच्या खिडकीत ऊन आलं होतं आणि उन्हात पाच-सहा जुने सेल मांडलेले होते. आमच्या पिढीच्या माणसाला सेल फेकवत नाही. रेडिओच्या काळात आम्ही सगळ्यांनीच सेल उन्हात ठेवलेत. तापला की आणखी दोन दिवस बातम्या ऐकू यायच्या. तात्या तसेच टाकीसाठी तापवत ठेवतात. मी त्यातला एक उचलला, चांगला गरम होता. जीभ लावली. ठेचा! अक्षरशः डोळ्यांत पाणी आलं. कवाडीत घातला, उघडून बघितलं, कावळे उडाले. मला इतका अभिमान वाटला, की तात्या आल्यावर कसं सांगायचं तेही मी मनात जुळवून ठेवलं.

दादांना जेवायला वाढलं. ते म्हणाले, "वायरमन आले न्हाईत आज?"

"भोरला गेलेत."

"कोन?"

आता तात्या म्हटलं तर त्यांना कळत नाही. माझ्या तोंडून लहानपणीचं नाव निघालं. "सदू हो. तुमचा सदू. भोरला गेलाय, दुपारच्या गाडीनं येईल."

 दादा भाकरी मोडत राहिले.

मग मी माझ्या ओट्यावर घेवडा निवडत बसले. कान कवाडीकडं होता, पण डोळा नव्हता. कशाला असेल? आत ठेचा होता ना! आभाळ भरून आलं, ऊन गेलं, गार वारा सुटला, चार थेंबही पडले. मी घेवडा निवडतेय. घेवडा संपला तेव्हा मान वर केली आणि बघते तर कवाडी उघडी. सताड. आणि डबी मुकी.

"दादा!" घरात नाहीत. मोरीत नाहीत. खुंटीवरची टोपी नाही, कोपऱ्यातली छत्री नाही. मी सेल काढला, हाताला गार लागला, जिभेला लावला. पाणी.

तात्यांनी माझ्यादेखत शेठजींना सांगितलं होतं, वझं दिल्यावर कळतंय. मी उन्हानं तरतरीत झालेल्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर वझं दिलं होतं आणि त्याच्या भरवशावर माणसावरचा डोळा काढला होता.

तात्यांना फोन लावला. लागत नाही. घाटाकडच्या रस्त्याला रेंज कुठली. आमचे हे रानात. मी तशीच पाण्याकडं पळाले. पळाले म्हणजे काय, ह्या गुडघ्यांनी जेवढं होतं तेवढं. पायवाट निसरडी, दोन्ही बाजूला भात छातीएवढं. "दादा, ओ दादा!" हाका मारत गेले. पाण्याशी पोचले. काठावर चिखल. पाऊलखुणा शोधते तर सगळ्या गुरांच्या. पाणी बघत उभी राहिले. तुम्हाला सांगते, इतकं सपाट, इतकं गप्प पाणी मी जन्मात बघितलं नव्हतं. त्यावर कुठं काही पांढरं दिसतंय का, एवढंच बघत होते, आणि दिसू नये म्हणून देवाला हात जोडत होते. तात्यांना काय सांगू? सेल गरम होता म्हणून सांगू?

तेवढ्यात वर फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला. दुपारची गाडी. तात्या उतरणार. मी चढणीला लागले. ते घरी जाऊन उघडी कवाडी बघण्याआधी मी त्यांना गाठायला हवं होतं.

फाट्यावर आले तेव्हा गाडी पुढं गेली होती. बसथांब्याच्या शेडमध्ये सिमेंटच्या बाकावर दादा बसले होते. टोपी, छत्री, धोतराची घडी जिथल्या तिथं. आणि त्यांच्यासमोर हातात पिशवी घेऊन तात्या उभे होते, पांढरेफटक. मला बघितलं आणि त्यांना सगळं कळलं असावं. मी तोंडाला पदर लावून खांबाला टेकले.

दादा तात्यांना विचारत होते, "वायरमन, तुमी ह्याच गाडीतनं उतरलात न्हवं? आमचा सदू व्हता का आत?"

तात्यांनी पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली.

"भोरला साळंत हाय तो. ह्या गाडीला येतो. न्यायला यावं लागतं, एकटा भितो वाटंनं."

तात्यांनी गाडी गेली त्या वळणाकडं बघितलं. "व्हता की. गाडीला गर्दी लई झाली. मागच्या गाडीनं येतो म्हनला."

"मंग थांबतो म्या."

मागची गाडी पाचला. मी पुढं झाले, म्हटलं, "दादा, घरी चला, सदू येईल आपला." दादांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी वेडी आहे. तात्यांनी मला हातानं खुणावलं आणि दादांच्या शेजारी बसले. मला काही घरी जाववेना. मीही बाकाच्या टोकाला टेकले. हळूच तात्यांना सांगितलं, खिडकीतला सेल, जीभ, सगळं.

"चूक माझी हाय वैनी," तात्या म्हणाले. "त्यो उनात ठिवला म्या. ज्याचं झालंय त्याला झोपू द्यावं." मग म्हणाले, "पान्याकडं गेल्ता तुमी?"

मी मान हलवली. तात्यांनी माझ्या चिखलानं भरलेल्या पायांकडं बघितलं आणि पिशवीतली पाण्याची बाटली माझ्यापुढं केली.

थोड्या वेळानं दादांनी सदऱ्याच्या खिशातून फडक्याची पुरचुंडी काढली. आत अर्धी भाकरी. मी दुपारी वाढलेली. "सदूला ठिवलीय," म्हणाले, "त्याला भूक सोसत न्हाई. आई असताना आई ठिवायची." मग तात्यांकडं बघितलं. "तुमी जेवलाय का वायरमन? तोंड सुकलंय तुमचं." आणि भाकरीचे दोन तुकडे करून एक तात्यांच्या हातावर ठेवला. "घ्या. त्याला एवढी पुरं."

तात्या खाली बघून भाकरी खात राहिले. इतकी सावकाश भाकरी खाताना मी कुणाला बघितलं नाही.

पाचची गाडी आली. दादा उठून उभे राहिले, टोपी सारखी केली. दार उघडलं. दोन बायका उतरल्या, एक पोतं उतरलं. आणखी कुणी नाही. दादांच्या चेहऱ्यावरचं ते जे काय होतं, ते मला बघवेना. तेवढ्यात तात्या म्हणाले, "थांबा, म्या आत बगून येतो," आणि पिशवी घेऊन गाडीत चढले. कंडक्टर म्हणाला, "ओ तात्या, आता कुठं?" तात्यांनी त्याला काय सांगितलं देव जाणे. आत शेवटच्या बाकापर्यंत गेले, तिथं जरा थांबले, टोपी काढून पिशवीत घातली, कपाळावर केस ओढले आणि परत येऊन पायरीवरून खाली उतरले.

"दादा, आलो."

दादांनी बघितलं. किती वेळ बघितलं म्हणून सांगू. कंडक्टरनं घंटी मारली नाही, उतरलेल्या बायकाही थांबल्या.

मग दादांनी हात पुढं करून तात्यांच्या हातातली पिशवी घेतली. "किती उशीर केलास रं," म्हणाले. आणि उरलेली भाकरी त्यांच्या हातात दिली.

गाडी गेली. दादांनी तात्यांचं मनगट धरलं, लहान पोराचं धरतात तसं, आणि वाडीच्या रस्त्याला लागले. मी दोन पावलं मागं. थोडं पुढं जाऊन दादा थांबले.

"ते वायरमन व्हते की हितं. कुठं गेले?"

"गेले ते घरी," तात्या म्हणाले.

"चांगला मानूस हाय. रोज येतो आपल्याकडं. घरात कुनी नसंल त्याला."

 दादांच्या हातातलं मनगट तात्यांनी हलू दिलं नाही.

"हाय की," ते म्हणाले. "एक थोरला भाऊ हाय म्हनत व्हते."

"मंग बरं हाय," दादा म्हणाले.